बिनखिडकीची केबिन

दार उघडलं तेव्हा चष्मेवालीच्या हातात बादली होती, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट होतं — तेही उलटं — आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या चष्म्याची डावी काडी, पाईपला गुंडाळतात त्या पांढऱ्या चिकट टेपने बांधलेली होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी कोण हसलं, यावर पुढे बरेच दिवस वाद चालला.

"बेसिन तुंबलंय असा निरोप होता," तो म्हणाला. "पण तुम्ही तर... बुडायच्याच तयारीत दिसताय."

"आत्ताच कवायत झाली ना, जहाज बुडालं तर काय करायचं त्याची. परत येऊन बघते तर खोलीत पाणी. म्हटलं, असू दे अंगात."

"हुशारी केलीत. फक्त मागचं पुढे आलंय."

ती कानापर्यंत लाल झाली. आतून आईचा आवाज आला, "अगं, कोण आहे? गप्पा मारणारा आहे की नळ दुरुस्त करणारा?"

"दोन्ही, काकू," असं म्हणत तो पान्यांची पिशवी घेऊन आत शिरला.

तो जहाजावरचा प्लंबर. आणि ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, म्हणून ओळखीपाळखीत सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. रोज चाळीस माणसांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत "हे स्पष्ट की ते?" असं विचारायचं, हे तिचं काम. वय एकतीस. स्वतःच्या बाबतीत मात्र 'हे की ते' ठरवायला तिला कधी सवडच मिळाली नव्हती.

ही सहल तिने आईसाठी काढली होती. आईने अठ्ठावीस वर्षं शिलाई मशीन चालवली, तीही भिंतीकडे तोंड करून, कारण घरात दिव्याखालची जागा तेवढी एकच होती. त्या मशीनवर लेकीचं शिक्षण झालं. मग आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, लेकीने धावपळ करून दोन्ही ऑपरेशनं करून घेतली, आणि पट्टी सुटल्यावर आई म्हणाली होती, "आता या नव्या डोळ्यांनी एकदा समुद्र बघायचाय. किनाऱ्यावरून नको. मधोमध बसून, निवांत."

लेकीने सगळ्यांत स्वस्तातली जहाजाची सहल शोधली. पाच दिवसांची. आता स्वस्त म्हणजे काय, ते जहाजावर चढल्यावर कळतं. चढायलाच दोन तास रांग. जहाज वयाने तिच्याहून मोठं, रंगाचे थरावर थर चढवून तरणं केलेलं. कॉफीला वेगळे पैसे, इंटरनेटला वेगळे. डेकवरच्या खुर्च्यांवर लोक पहाटेच टॉवेल टाकून जागा अडवणार आणि स्वतः दुपारी उगवणार. जेवणाच्या हॉलमध्ये उकडलेल्या बटाट्यांसमोर अशी झुंबड, की जणू उद्यापासून बटाटे बंद.

हे सगळं आईने हसत घेतलं. पण केबिनमध्ये एक पडदा होता. छान निळा, जमिनीपर्यंत लोळणारा. आल्या आल्या आईने तो दोन्ही हातांनी सरकन बाजूला सारला... आणि मागे भिंत निघाली. कोरी करकरीत भिंत. सगळ्यांत कमी दराच्या केबिनींना खिडकीच नसते, हे बारीक अक्षरात लिहिलं होतं. बारीक अक्षरं वाचायला लावणं हाच जिचा धंदा, तिने नेमकं तेवढंच वाचलं नव्हतं!

"राहू दे गं," आई म्हणाली होती. "मला भिंतीची सवय आहे."

हे वाक्य लेकीच्या मनाला फार लागलं. त्याच वेळी कवायतीचा भोंगा वाजला, म्हणून रडायचं राहून गेलं.

प्लंबरने बेसिनखाली डोकं घातलं, पाईपवर दोनदा टकटक केली, कान लावला आणि नेमका सांधा उघडला. सगळं करताना त्याने मान एका बाजूला वाकडी केलेली होती. चष्मेवालीला राहवेना.

"हा चष्मा कोणाचा?"

"माझाच."

"थापा नका मारू. तुमचा असता तर मान वाकडी नसती."

तो बेसिनखालून बाहेर आला. "माझ्या आधीच्या प्लंबरचा. कप्प्यात राहिला होता. माझा मागच्या सफरीत फुटला."

"अहो, दुसऱ्याचा चष्मा लावून पाईप दिसतात तरी कसे?"

"पाईप बघायचे नसतात. ऐकायचे असतात."

"आणि माणसं?"

तो पांढऱ्या टेपच्या चष्म्यामागून तिच्याकडे पाहत म्हणाला, "माणसं... जवळ आली की दिसतात."

आईने उगाचच टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

चष्मेवालीच्या पर्समध्ये बारीक स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रूंची डबी कायम असायची. तिने त्याचा चष्मा काढून घेतला, टेप सोडवली, डबीतला एक स्क्रू बसवला. मग नेहमीप्रमाणे चष्मा त्याच्या नाकावर नीट बसवायला हात पुढे केले... आणि तिची बोटं थरथरली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जहाज हलतंय, असं तिने स्वतःला सांगितलं. जहाज बंदरातून अजून सुटलेलं नव्हतं.

निघताना तो पडद्यापाशी थबकला. आईने तो पुन्हा नीट ओढून घेतला होता, भिंत दिसू नये म्हणून.

"काकू, समुद्र बघायचाय?" तो म्हणाला. "पाचव्या मजल्यावर, अगदी मागे, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी एक बाक आहे. मशिनींचा आवाज येतो म्हणून तिथे कुणी फिरकत नाही. पण खिडकी म्हणाल तर... भिंतीएवढी आहे."

दुसऱ्या दिवशी मायलेकी गेल्या. खरंच होतं ते. गोल, माणसापेक्षा उंच काच, आणि पलीकडे नुसतं पाणी. जवळ हिरवं, पुढे निळं, त्याच्याही पुढे नाव न सांगता येणारं. आई बाकावर बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. शेजारी मशिनी घरघरत होत्या. शेवटी म्हणाली, "बघ, मशीनचा आवाज तोच. फक्त समोरची भिंत कुणीतरी काढून घेतली."

लेकीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तेवढ्यात चहाचा कागदी पेला घेऊन तो आला. वीस मिनिटांची सुट्टी होती म्हणे. बाकाच्या अगदी टोकाला बसला. पुढच्या दिवशी टोकापासून थोडा अलीकडे. सहलीच्या चौथ्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस होता, काचेवरून थेंब तिरके पळत होते, आणि त्याच्या व तिच्या मध्ये फक्त तो पेला मावेल एवढी जागा उरली होती. आईला नेमकं तेव्हाच कपडे धुण्याच्या मशिनी कशा चालतात ते बघायचं होतं. बारा मिनिटं बघत होती.

"उद्या शेवटचा दिवस," ती म्हणाली.

"हो."

"परवा सकाळी आठला आम्ही उतरणार."

"आठला. हो."

"एवढंच? पाईपशी तर किती वेळ बोलता!"

"पाईप उतरून जात नाहीत ना..." तो म्हणाला, आणि पेला उचलून घाईने उठला. त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं हे तिला स्पष्ट दिसलं. का बोलत नाही, ते मात्र कळेना.

त्या संध्याकाळी केबिनमध्ये अभिप्रायाचा फॉर्म आला. जेवण कसं, स्वच्छता कशी, किती तारे. चष्मेवालीच्या दुकानातही असा अभिप्रायाचा डबा होता. वर्षातून एकदा, धूळ झटकायला तेवढा उघडत. असले फॉर्म कोणीही वाचत नाही, याबद्दल तिची बालंबाल खात्री होती. म्हणून मनात जे होतं ते सगळं तिने त्यात लिहून टाकलं. तळाशी दुकानाचा पत्ता लिहिला आणि हलक्या मनाने फॉर्म जहाजावरच्या डब्यात टाकून आली.

शेवटच्या दिवशी दुपारी खोली आवरणारी ताई आली. रोज टॉवेलचा ससा करून ठेवायची. आज ससा नव्हता.

"काय लिहिलंत हो तुम्ही?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "कामगारांनी प्रवाशांबरोबर बसायचं नाही, हा इथला पहिला नियम. सुट्टीत तर नाहीच नाही. ऑफिसातला क्लार्क सगळे फॉर्म वाचतो. तुमच्या फॉर्मवर लाल खूण केली त्याने. प्लंबरला मॅनेजरबाईंनी बोलावलंय. याच कारणावरून मागे एकाला पुढच्या बंदरावर उतरवलं होतं!"

चष्मेवाली पलंगाच्या कडेवर बसली. म्हणून तो बोलत नव्हता! नोकरी पणाला लावून रोज येत होता, आणि हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आणि तिने काय केलं, तर आभार मानता मानता त्याचाच गळा कापला.

"ऊठ," आई चपला शोधत म्हणाली. "घोळ घातलास ना? आता निस्तरायला चल."

ऑफिसात तो मान खाली घालून उभा होता. टेबलामागे मॅनेजरबाई. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या, हातात तो फॉर्म लांबच्या लांब धरून डोळे बारीक करत बसलेल्या.

"बाई, चूक माझी आहे," चष्मेवालीने दारातूनच सुरुवात केली. "तो कागद मला परत द्या. मी दुसरा लिहिते."

"आलेला कागद परत जात नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या. "आणि पुरता वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. पण वाचायचा माझा चष्मा परवा डेकवरून पडला समुद्रात." त्यांनी फॉर्म प्लंबरपुढे धरला. "तूच वाच. मोठ्याने. एक अक्षर गाळायचं नाही."

"नको!" चष्मेवाली म्हणाली. कारण त्या कागदात काय काय आहे ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

त्याने चष्मा नीट केला आणि वाचायला लागला.

"'पहिल्या दिवशी आमचं बेसिन तुंबलं, याबद्दल तक्रार नाही. उलट आभारच. माझ्या आईने अठ्ठावीस वर्षं भिंतीकडे बघत मशीन चालवली. तिला समुद्र दाखवायला आणलं आणि मी पुन्हा भिंतच दाखवली. तुमच्या प्लंबरने तिला खिडकी दिली. तो रोज चहाच्या सुट्टीत येऊन आमच्याशेजारी बसला...'"

इथे तो गाळू शकला असता. बाईंना काय दिसणार होतं! पण त्याने ते वाक्य सरळ, स्वच्छ वाचलं आणि पुढे गेला.

"'मी रोज चाळीस जणांच्या डोळ्यांत बघते. कोणाला चष्मा घालताना माझा हात कधी थरथरला नाही. इथे थरथरला. जहाज उभं होतं, म्हणजे कारण दुसरंच असणार. हे कुठल्या चौकटीत लिहायचं ते कळलं नाही, म्हणून 'इतर सूचना' मध्ये लिहिते. त्याला सांगायचं धाडस माझ्यात नाही...'"

त्याने खालचा पत्ता वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"पत्ता दोनदा कशाला?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"अक्षर... बारीक आहे, बाई."

आई पदर तोंडाला लावून खोकली.

मॅनेजरबाईंनी फॉर्म परत घेऊन टेबलावर ठेवला. "गाळलं का नाहीस ते वाक्य? मला दिसत नाही हे तुला माहीत होतं."

"तिने लिहिलेलं होतं, बाई," तो म्हणाला. "त्यातलं एकही अक्षर मला सोडायचं नव्हतं."

चष्मेवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मॅनेजरबाईंनी पेन उचललं. "लेखी ताकीद. पुन्हा प्रवाशांशेजारी बसलास तर सामान बांधायचं. तुझा करार किती दिवस उरलाय?"

"सहा आठवडे."

"नियमात 'प्रवासी' असा शब्द आहे," सही करत त्या शांतपणे म्हणाल्या. "या बाई उद्या सकाळी आठपर्यंत प्रवासी आहेत. नंतरचं मला विचारू नकोस." मग चष्मेवालीकडे वळून, "आणि तुम्ही. बसा इथे. मला चष्म्याचा नंबर किती लागेल ते सांगून जा."

सकाळी जहाजावरून उतरताना तो कुठेही दिसला नाही. दिसायचं नव्हतंच. पण त्याआधी, नाश्ता करून सामान घ्यायला परतल्या तेव्हा केबिनमध्ये निळा पडदा सारलेला होता, आणि मागच्या भिंतीवर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या चिकटवून कोणीतरी एक मोठी गोल खिडकी काढून ठेवली होती. आईने तिच्यावरून हात फिरवला. "देव भलं करो त्याचं," ती म्हणाली, "आणि त्या तुंबलेल्या बेसिनचंही."

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. चष्मेवालीने ते मोजले नाहीत, असं ती सांगते. आई हसते.

त्रेचाळिसाव्या दिवशी दुकानाचं दार वाजलं. ती कोणाची तरी फ्रेम पुसत होती. वर पाहिलं, तर दारात तो. चष्म्याच्या डाव्या काडीला पुन्हा पांढरी टेप!

"मी स्क्रू बसवला होता!" ती म्हणाली. दुसरं काही सुचेचना.

"मीच काढला," तो म्हणाला. "यायला काहीतरी कारण नको?"

"बसा त्या खुर्चीत."

तो बसला. तिने समोरचा तक्ता उजळला. नेहमीच्या सवयीने म्हणाली, "डावा डोळा हाताने झाका, आणि उजव्याने माझ्याकडे... म्हणजे तक्त्याकडे बघा."

त्याने डोळा झाकला नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला.

"झाका ना!"

"इतक्या लांबून आलोय," तो म्हणाला. "एका डोळ्याने कशाला बघू तुला?"

त्याच्या तोंडून पहिल्यांदाच 'तुला' आलं होतं. तिचा हात पुन्हा थरथरला, आणि आता तर ती चांगली पक्क्या जमिनीवर उभी होती. तिने तो हात त्याच्या हातात दिला.