डावीकडे कललेली मिनी

पेन्व्होर बेटाच्या, फक्त ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाटेवर त्या दुपारी जे झालं, त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज! चार माणसं, सहा गरमागरम पेस्ट्या, म्हणजे बटाटा-मटणाच्या जाडजूड करंज्या, आणि आजीची साठ वर्षांची मिनी गाडी, असा सगळा लवाजमा समुद्राच्या बरोब्बर मधोमध अडकला होता. आणि समुद्र काही वाट बघत बसला नव्हता!

"मामा, गाडी डावीकडे कलतेय," केरेन्सा तिसऱ्यांदा म्हणाली.

बारा वर्षांची केरेन्सा पुढे पेट्रोकमामाशेजारी बसली होती. मागे तिचा धाकटा भाऊ जोवन आणि मैत्रीण टेगन.

"पेस्ट्यांचं वजन!" मामाने उडवून लावलं.

"पेस्ट्या माझ्या मांडीवर आहेत आणि मी उजवीकडे बसलोय," जोवन तोंडातला घास सावरत म्हणाला.

"तूही उजवीकडेच आहेस, मामा," केरेन्सा म्हणाली. "आणि तू म्हणजे दोन सील एकावर एक रचलेले! मग गाडी डावीकडे कशी कलते?"

"डोकं नको खाऊस गं!"

मामाने दोन दिवस गॅरेजचं दार लावून पुढच्या दोन्ही चाकांच्या सस्पेन्शनमध्ये नवे स्क्रू बसवले होते. ते फिरवले की गाडीचं नाक वर-खाली करता येतं. मामाने ते पार खाली आणलं होतं. का? तर गाडी शर्यतीतली दिसावी म्हणून! आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लव्हडे आजी म्हणजे बेटाची निवृत्त नर्स. अर्धं बेट तिच्या हातांवर जन्मलं होतं, आणि अजूनही दर सोमवारी ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना याच गाडीतून पलीकडच्या दवाखान्यात न्यायची. नवी गाडी घेणं तिला या जन्मात जमणार नव्हतं.

धाड!

चाक खड्ड्यात आदळलं. गाडीचा डावा खांदा खचकन खाली बसला, काहीतरी कर्रकर्र घासलं आणि मिनी जागच्या जागी थांबली. मडगार्ड सरळ टायरवर टेकलं होतं. मामाने इंजिन गर्जवलं. टायर जळल्याचा वास आला, पण गाडी बोटभरही हलली नाही.

"हरकत नाही," मामा म्हणाला. "भरतीला अजून तासभर आहे."

टेगनने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "मग ते काय आहे?"

बेटाकडच्या सखल भागात वाटेवरून पाणी चमकत होतं. मागे वळून पाहिलं तर तिकडेही तेच! मधला उंचवटा तेवढा कोरडा होता.

"असं कसं?" मामाने खिशातून भरतीचं वेळापत्रक काढलं. "उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तो तास मी मिळवलाय की!"

केरेन्साने कागद हिसकावला. कोपऱ्यात आजीचं ठसठशीत अक्षर होतं: तास मिळवलेला आहे.

"मामा! आजीने मिळवलेल्या तासात तू आणखी एक मिळवलास!"

वाटेच्या कडेला उंच खांबांवर एक लाकडी खोली होती, अशा अडकलेल्या शहाण्यांसाठीच बांधलेली.

"चढा वर सगळे," मामा पांढराफटक पडून म्हणाला. "गाडी गेली तर गेली."

"आजीची गाडी? आणि सोमवारी ती जाणार कशी? पोहत?"

सगळे गाडीतून उतरले. केरेन्साने खाली बसून चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर वितीने मोजलं. उजवीकडे पूर्ण दोन विती, डावीकडे जेमतेम सव्वा!

"डावा स्क्रू नीट बसलेला नाही. चाक काढून बघायला हवं."

"मी बसवलेला? चुकीचा? खबरदार, त्याला कुणी हात लावाल तर!"

केरेन्साने जोवनकडे पाहून डोळा मिचकावला. "बरं बाबा, राहिलं. पण वर चढून एखादी होडी दिसते का बघ ना. तुझ्यासारखी हाक पंचक्रोशीत कुणाला मारता येत नाही."

मामा खूश! शिडी चढून त्याने अशी आरोळी ठोकली की बेटावरच्या मेंढ्यांनी चरणं थांबवलं आणि एका गलबताने घाबरून दिशा बदलली.

"चला!" केरेन्सा कुजबुजली.

टेगन पान्यावर उभी राहून उड्या मारायला लागली तेव्हा कुठे चाकाचे नट सैल झाले. जोवनने जॅक लावला. गाडी वर उचलली, चाक निघालं.

"चाक गाडीच्या पोटाखाली सरकव. जॅक घसरलाच, तर गाडी चाकावर बसेल, माझ्यावर नाही."

केरेन्साने आतल्या अंधाऱ्या खबदाडात हात घातला, कोपरापर्यंत. गाल गार पत्र्याला टेकला. आता ती हलूही शकत नव्हती.

"काय लागतंय?" टेगनने विचारलं.

"एक लोखंडी गोळा... आणि खाली वाटी. खांदा कसा असतो, तसं. पण गोळा वाटीत नाही, काठावर टेकलाय! म्हणजे खड्ड्यात आदळल्यावर... खांदा निखळला गं गाडीचा!"

"केरेन्सा," जोवन खाली बघत म्हणाला, "माझे बूट भिजले."

पाणी आलं होतं! केरेन्साने बोटांनी वाटीतली वाळू पुसली, गोळा उचलून आत ढकलला. निसटला. पुन्हा ढकलला. पुन्हा निसटला! गार पाणी तिच्या गुडघ्यांखालून सरकत होतं.

"हात काढ, वर चढू!" टेगन रडकुंडीला आली.

"काढला तर परत घालायला वेळ नाही. जोवन, तो खालचा दांडा उचलून धर. अजून. अजून!"

टक!

"बसला! आता पाना दे. स्क्रू वर चढवते, म्हणजे गोळा निसटणार नाही आणि नाकही उंच होईल. मामाने चुकीचं बसवलं असलं, तरी हे यंत्र आहे मात्र झकास!"

चाक परत चढवलं आणि उजवीकडचा स्क्रूही तेवढाच वर केला. मिनी आता हरणासारखी मान वर काढून उभी राहिली. टेगनने गाडीतच असणाऱ्या आजीच्या औषधांच्या पेटीतला रबरी हातमोजा काढून इंजिनपुढच्या ठिणगीच्या डबीवर घट्ट चढवला, पाणी शिरू नये म्हणून.

"मामा! खाली ये! गाडी दुरुस्त झाली!"

"काय?" मामा शिडीवरून जवळजवळ पडलाच. "कुणी केली?"

"आधी चालव, मग विचार! हळू, पण थांबू नकोस!"

सखल भागात दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडत होते. दाराच्या फटीतून एक झरा आत आला. आणि मग चाकांखाली चढ लागला!

"मुलांनो," मामा गयावया करत म्हणाला, "आईला कळलं तर ती मला पुन्हा किल्ली देणार नाही रे."

आजी धक्क्यावरच उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिने उंच झालेली मिनी पाहिली, ओले बूट पाहिले, पुढच्या जाळीतून डोकावणारा हातमोजा पाहिला.

"हे कुणी केलं?"

केरेन्साने मामाकडे पाहिलं. बिचारा पार वितळला होता. तिने घसा खाकरला.

"आजी, काय सांगू! मामाने एका हाताने गाडी उचलली, दुसऱ्या हाताने सगळं नीट बसवलं, आणि आम्ही वर बसून पेस्ट्या खात होतो."

आजीने चष्मा कपाळावर सरकवला. मामाच्या पांढऱ्याशुभ्र बाह्यांची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. मग तिने केरेन्साचे ग्रीसने काळेकुट्ट झालेले हात आपल्या हातांत घेतले, आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"खोटं! साफ खोटं! माझी गाडी या हातांनी वाचवलीय!"