जनीच्या बोटातला खडा

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये टेकचंदशेठचं दागिन्यांचं दुकान होतं. तिथे श्यामकांत अंगठ्यांत खडे बसवायचा. सत्याऐंशी साली जन्ममहिन्याच्या खड्यांचं भलतंच पेव फुटलं होतं. जानेवारीचा खडा गार्नेट. नाव म्हणे डाळिंबाच्या दाण्यावरून पडलेलं.

"खतरा आए तो ये पत्थर पहले काला पड़ता है," शेठ गिऱ्हाइकांना सांगायचा.

श्यामकांत मान खाली घालून हसायचा. दगड तो दगड.

तरी वेणूच्या, बायकोच्या, हट्टाखातर त्याने आठ वर्षांच्या लेकीला, जनीला, तशी अंगठी केली. पोर जानेवारीतली.

पंधरा दिवसांत खडा मंदावला. रिठ्याच्या पाण्यात धुतला, ब्रशने घासला. दुकानात लखलखायचा, कुळगावला घरी जनीच्या बोटात गेला की सकाळपर्यंत विझल्या निखाऱ्यासारखा. त्याने खडा बदलला. दुसराही तसाच.

डॉक्टर म्हणाले, पोर ठणठणीत आहे. पण वेणूचं अन्नावरचं मन उडालं. शेवटी श्यामकांतने गुपचूप गार्नेट काढून त्याच मापाची लाल काच बसवली. वेणू पुन्हा जेवू लागली. शेजारी जनी, नेहमीसारखी, आमटीतला कढीपत्ता वेचून ताटाच्या काठावर ओळीने लावायची.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो कामावरून आला, तर जनी अंथरुणात निपचित. अंग भाजत होतं, हाकेला ओ नव्हती.

"सकाळपासनं ताप आहे हो," वेणू म्हणाली. "पण खडा बघा, कसा लाल आहे. म्हटलं, उतरेल."

त्याने पोरीला उचललं आणि दवाखान्याकडे धावला. वाटेतच ती गेली.

काचेचं त्याच्याने बोलवेना.

तेराव्यानंतर एकदा तो घरी आला, तेव्हा वेणूने तीन ताटं मांडली होती. अंगठी तिच्या मुठीत होती.

"खडा अजून लाल आहे. जनीला काही झालेलं नाही."

मग मात्र त्याचा बांध फुटला. "वेणू, ती काच आहे गं. मीच बसवली."

तिने अंगठी तिसऱ्या ताटाशेजारी ठेवली.

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"जनीने."

"कधी?"

"आत्ता. जेवताना."

त्याने ताटांकडे पाहिलं.

दोन ताटं भरलेली होती.

तिसरं अर्धं रिकामं. आमटीतला कढीपत्ता वेचून ताटाच्या काठावर लावलेला, एकेक पान, ओळीने. आठ पानं.

शेवटच्या पानावरून आमटी अजून ओघळत होती.