एका शब्दाच्या वीस चिठ्ठ्या

प्रेमाला कारण लागत नाही, असं थोर माणसं सांगत आली आहेत. त्यांपैकी कुणी शब्दकोशाच्या कचेरीत नोकरीला नसावं. तिथं साध्या 'कात्री'लासुद्धा, ती वापरणाऱ्याच्या तोंडचं एक वाक्य पुरावा म्हणून लागतं.

तिथल्या धाकट्या संपादिकेनं 'कॉम्प्रेसर : गारवा तयार करणारं यंत्र' अशी चिठ्ठी लिहून कचेरीच्या बंद फ्रिजवर ठेवली होती. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकनं ती वाचली.

"कॉम्प्रेसर गारवा करत नाही, मॅडम. तो नुसता वायू दाबतो. दाबताना स्वतः तापतो. गारवा होतो दुसरीकडेच."

"म्हणजे कष्ट याचे आणि…"

"नाव फ्रिजचं." तो हसला. त्याच्या गालाला काळं लागलं होतं. तिनं चिठ्ठीवरची ओळ खोडली, पण नजर गालावरच राहिली.

मग ती पुराव्यांसाठी हिंडली. चाकात हवा भरणारा, दंतवैद्य, रंगाचा फवारा मारणारा — प्रत्येकाकडून एकेक वाक्य मिळालं. मेकॅनिककडून सतरा.

"आपला फ्रिज बिघडत नाही, याचं तुला एवढं वाईट का वाटतं गं?" आईनं विचारलंही.

मुख्य संपादकांनी वीस चिठ्ठ्या मोजल्या. "'कर्तव्य'ला तीन आहेत," ते म्हणाले. "शनिवारी 'क' छापायला जातोय."

म्हणजे शनिवारनंतर मेकॅनिकच्या दुकानात जायला सबब उरणार नव्हती. शुक्रवारी ती वही घेऊन हजर झाली.

"आज शेवटचं वाक्य."

त्याच्या हातातला पाना थांबला. "मग परत येणार नाही?"

"कामासाठी… नाही."

"घ्या लिहून," तो पान्याकडेच बघत म्हणाला. "मॅडम आल्या नाहीत, तर दिवस सरत नाही."

"यात कॉम्प्रेसर कुठं आहे?"

"नाहीये. कोशात बसत नसेल तर… राहू द्या."

तिनं पेनाला टोपण लावलं. कोशाच्या नियमाप्रमाणे ते वाक्य बाद होतं, आणि एव्हाना तिला तोंडपाठ झालं होतं.

"उद्या येते," ती म्हणाली. "वही न घेता. तुमची हरकत नसेल तर… परवाही."

तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग घसा खाकरून हळूच म्हणाला, "एक मागू?"

"मागा ना."

"तुम्ही बसलाय त्या खोक्यावरून जरा उठता? त्यात या काकांचा कॉम्प्रेसर आहे. ते कधीचे उभे आहेत."