मेहकचा शेवटचा शब्द

"मेलेल्यांचं बोलणं ऐकायचा पगार देत्यात व्हय हिला? नोकरी सोडायला सांग की!"

आत्ती, म्हणजे सासूबाई, स्वयंपाकघरात आपल्या मुलाला, शिवप्रसादला, सुनावत होत्या. जिन्यात उभ्या सौंदर्यानं ते ऐकलं आणि तीन महिन्यांची सून करते तेच केलं. काही कानावर न पडल्यासारखी ती माडीवर गेली.

विमान अपघातांचा तपास कसा करतात, हे ती विद्यापीठात शिकवायची. शिकाऊ विमानाच्या एका अपघाताचा अहवाल तिच्या मतासाठी आला होता. शिक्षक वाचले होते, पण धक्क्यानं त्यांना काहीच आठवत नव्हतं. विमान चालवायला शिकणारी हातकणंगल्याची मेहक, वय एकवीस, गेली होती. आज संध्याकाळी सहापर्यंत मत पाठवायचं. मग अहवाल पक्का.

हेडफोन लावून सौंदर्यानं विमानातल्या रेकॉर्डिंगचा शेवटचा तुकडा पुन्हा ऐकला. इंजिनाची घरघर. शिक्षक इंग्रजीतून ओरडतात, कंट्रोल सोडलंस? मग मेहकचा एकच शब्द. लिहून घेणारा परगावचा. त्यानं तो 'व्हाय' असा उतरवला होता. म्हणजे पोरगी 'का' म्हणून हुज्जत घालत बसली, कंट्रोल शिक्षकांच्या हाती सोडलं नाही. दोष तिचाच.

सौंदर्याला तो शब्द इकडच्या बोलीतला 'व्हय' वाटत होता, म्हणजे 'हो, सोडलं'. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे तीच तर मुलांना शिकवायची.

रेकॉर्डिंग संपलं. तरी कानात श्वास चालूच होता... सावकाश, अगदी जवळून. तिनं हेडफोन काढून ठेवला. श्वास थांबला नाही. भर दुपारी खोलीत पेट्रोलचा वास दाटत गेला.

"मेहक..." ती पुटपुटली, "सोडलं होतंस ना गं?"

जिना वाजला. आत्ती चहा घेऊन आल्या, मागं शिवप्रसाद.

"एक कप तुझ्या मैत्रिणीला," आत्ती म्हणाल्या.

"कुठली मैत्रीण?"

"आत्ता जिन्यात भेटली न्हवं का? किती जळका वास अंगाला! म्हटलं, सौंदर्याकडं चाललीस काय गं? तर म्हणाली..."

आत्ती थबकल्या. शिवप्रसाद सौंदर्याच्या खांद्यामागं बघत होता.

सौंदर्यानं मान वळवली नाही. या घरात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"अहो, तिच्याकडं बघू नका. आत्ती, तुम्ही नीट आठवून सांगा... ती 'व्हाय' म्हणाली, की 'व्हय'?"