मागे ये, अजून मागे

आमच्या घरात गाडी मागे घेणं हे दोन माणसांचं काम आहे. एकानं चालवायची, दुसऱ्यानं मागे उभं राहून शिव्या घालायच्या. माझे आईबाबा, आर्लिस आणि व्हर्लिन हाउगेन, चाळीस वर्षं हे काम निष्ठेनं करत आले आहेत. आमची घरगाडी बसएवढी लांब. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. ती कॅम्पातल्या अरुंद जागेत उलटी घालायची वेळ आली, की शेजारचे लोक खुर्च्या ओढून बघायला बसतात.

मी स्कॉटलंडमध्ये जंगलांबद्दल शिकले आणि मोंटानात परतले ती इथले डोंगर वाचवायचा विडा उचलूनच. पहिल्याच जेवणात मी आईबाबांना सांगितलं, की ही गाडी डिझेल ढोसते, तिच्या आवाजानं जनावरं बुजतात, तेव्हा ती विकून तंबू घ्या.

"तंबूत संडास असतो का?" आईनं विचारलं.

 बाबा नुसता खिशातल्या किल्ल्या चाचपत बसला. सत्तरी उलटलीय त्याची. गेल्या वर्षी त्यानं पेट्रोल पंपाचा एक खांब वाकवला होता, तेव्हापासून या किल्ल्यांवर सगळ्या नातेवाइकांचा डोळा. गाडी गेली, तर आपण म्हातारे झालो हे त्याला कबूल करावं लागणार होतं.

शेवटी पैज लागली. सप्टेंबरात इथल्या राष्ट्रीय उद्यानात एक फेरी करायची. गाडी कुठं घासली, तर किल्ल्या माझ्याकडे. नाही घासली, तर मी जन्मभर या विषयावर तोंड उघडायचं नाही.

"आणि एक," मी म्हणाले, "मागे घेताना ओरडायचं नाही. फक्त हातांच्या खुणा. एल्क हरणांच्या मीलनाचे दिवस आहेत."

"मग माझं काय काम?" आई म्हणाली. "पुतळा उभा कर एखादा."

आम्ही कॅम्पात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. कड्यावरून धुकं खाली सरकत होतं. पाइनच्या चिकाचा आणि भिजलेल्या राखेचा वास येत होता. दूर कुठेतरी एल्क शीळ घालत होता, गंजकं फाटक कुणी सावकाश उघडावं तशी. आई आणि मी मागे उभं राहायला खाली उतरलो. चार पावलं गेलो असू, तोच धुक्यातून एक बायसन, इथला केसाळ रानगवा, बाहेर आला आणि आमच्या व गाडीच्या मधोमध उभा राहून रवंथ करू लागला.

आम्ही एका पाइनच्या खोडाआड सरकलो. अशा वेळी हलायचं नसतं. गाडी आम्हाला दिसत नव्हती, नुसते मागचे लाल दिवे दिसत होते. तेही विरघळत चाललेले.

"ओरडू का?" आई कुजबुजली.

"नको... बिथरेल तो."

आणि मग आवाज सुरू झाला. टीं... टीं... टीं... गाडी मागे घेताना वाजतो, तो.

"सिग्ने," आईनं माझं मनगट पकडलं. "हा कुणाच्या खुणेवर निघालाय?"

लाल दिवे धुक्यात शिरले. टीं... टीं... दूर जात राहिलं. एल्कची शीळ मधेच तुटली. मग करकचून ब्रेक लागला आणि सगळं शांत झालं. बायसननं मान वर केली, त्या दिशेला बघून एकदा फुरफुरला आणि उलट्या बाजूला चक्क पळत सुटला. एवढं मोठं धूड मी कधी असं पळताना पाहिलं नव्हतं.

आम्ही धावलो. बाबा गाडीच्या पायरीवर बसला होता.

"मागे कोण होतं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. आम्ही झाडाआड होतो."

"पिवळ्या रेनकोटात. आरशात दिसली. मला वाटलं, आर्लिस आहे. दोन्ही हातांनी बोलवत होती... हळूहळू. ये... ये... अजून ये... हसत होती."

"मग थांबलास कशाला?" आईनं विचारलं.

"चाळीस वर्षांत तू मला एकदा तरी असं गोड बोलावलंयस? म्हटलं, काहीतरी गडबड आहे."

आईनं त्याच्या दंडावर एक गुद्दा घातला. आणि मग त्याची बाही सोडलीच नाही.

टॉर्च घेऊन मी मागे गेले. मागच्या चाकांपासून वीतभर अंतरावर जमीन संपत होती. खाली नदीचा आवाज. ही आमची जागा नव्हतीच. शेजारची, बंद केलेली जागा होती ती. तिच्या तोंडाशी लावलेली साखळी काढून बाजूला ठेवली होती, धुतलेल्या टॉवेलसारखी नीट घडी करून.

कॅम्पाची देखभाल करणारा म्हातारा विल्मर त्याच्या छोट्या विजेच्या गाडीतून आला. मांडीवर कुत्रं होतं. ते काही खाली उतरेना.

"साखळी कुणी काढली?" तो खेकसला. बाबानं घडलं ते सांगितलं. विल्मर बराच वेळ कुत्र्याचा कान चोळत राहिला.

"हसत होती?"

"हो."

"गाडी पुढे घ्या. आरशात बघू नका." मग जरा थांबून म्हणाला, "आणि पायरीवरच्या त्या चिप्स आत ठेवा. अस्वलं येतात."

"पण ती इथं काय करते?" मी विचारलं.

"मी फक्त उन्हाळ्यापुरता असतो, पोरी," विल्मर म्हणाला. "ती बारा महिने असते."

बाबानं गाडी पुढे काढली. आई समोर उभी राहून घसा फाडून ओरडत होती, "उजवीकडे, गाढवा! तुझी उजवी, माझी नाही!" आणि मीही, जनावरांच्या शांततेसाठी भांडणारी मी, तिच्या जोडीनं बोंबलत होते. गाडीला एक ओरखडा नव्हता. किल्ल्या बाबाकडेच राहिल्या, आणि शपथेवर सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

परवाची गोष्ट. बिलिंग्जला, आमच्या घरी. बाबा गाडी धुऊन परत अंगणात लावत होता. मी स्वयंपाकघरात कॉफी करत होते. बाहेरून आईच्या शिव्या ऐकू येत होत्या, त्यामुळे मी निश्चिंत होते. थोड्या वेळानं आई आत आली, हात पुसत.

"सगळं नीट लागलं?" मी विचारलं.

"कुठलं! फोन वाजला म्हणून आले. त्याला थांब म्हणून सांगितलंय."

बाहेर टीं... टीं... चालूच होतं. आणि बाबाचा आवाज आला, खूश होऊन हसणारा.

"आलो, आलो! आज काय झालंय तुला, इतकी गोड?"

आमचं अंगण त्या गाडीपेक्षा जेमतेम हातभर लांब आहे. मी दाराकडे धावले, आई माझ्या पुढे, जिवाच्या आकांतानं ओरडत. पण ते टीं... टीं... दूर दूर जात होतं.