कुजबुजणारी मालकीण

हॅरिएट ऑस्ट्रँडर बुटांवरचा बर्फ न झटकताच आत आली, तेव्हाच मेव्हिस हौटालाने ओळखलं, की प्रकरण साधं नाही. मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला एप्रिलमध्येही गुडघाभर बर्फ असतो, आणि बूट न झटकता कोणी कोणाच्या घरात शिरत नाही.

"माझ्या ऑफिसवर चोरीचा आळ आलाय," हॅरिएट म्हणाली, "आणि चोरी पकडली आम्हीच."

मेव्हिसचा दीर व्हर्न कॉफी ओतता ओतता थांबला. शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यापासून तो वहिनीची गाडी चालवायचा. शेरीफच्या खात्यातून बाहेर पडल्यावर मेव्हिस खाजगी तपास करी. तिच्याबरोबर फिरता फिरता आपणही थोडे हुशार झालोय, असं त्याला वाटायचं.

ऑस्ट्रँडर टायटल कंपनी हॅरिएटच्या वडिलांनी काढलेली. जमीन विकायला निघाली, की ती खरंच कोणाची हे मागच्या पिढ्यांपर्यंत शोधायचं, मालकीची हमी द्यायची, दोन्ही बाजूंना टेबलाशी बसवून एकेक कागद साध्या शब्दांत समजावायचा आणि मगच सह्या घ्यायच्या, हे तिचं काम. व्हर्नने स्वतःचं घर त्याच टेबलाशी बसून घेतलं होतं. त्या दिवशी आपल्याला कोणी मूर्ख समजलं नाही, याचं त्याला अजून अप्रूप होतं.

हॅरिएटने हकीकत सांगितली. तळ्याकाठची टोल्व्हानेन कुटुंबाची जमीन विकायला आली होती. मालकीण आयली टोल्व्हानेन ऐंशीच्या पुढची, कधीची ॲरिझोनात लेकीकडे राहायला गेलेली. व्यवहार आणला होता जनेल प्रुइट या एजंटबाईने. मालकीण फोनवर बोलायची ती कुजबुजून; घशाचं ऑपरेशन झालंय म्हणे. ओळखपत्राची प्रतही आली होती. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसने एवढ्यावर व्यवहार उरकला असता. पण हॅरिएटकडे नेम होता: विकणारा माणूस टेबलाशी तरी बसला पाहिजे, नाहीतर आपण स्वतः शोधलेल्या नंबरावर तरी सापडला पाहिजे. हे प्रकरण सांभाळणाऱ्या लोरेन बोड्रीने आयलीच्या जुन्या चर्चमधून नंबर मिळवला आणि ॲरिझोनाला फोन लावला. खरी आयली खणखणीत आवाजात बोलली. तिने काहीच विकायला काढलेलं नव्हतं.

"मग आळ कसला?" व्हर्नने विचारलं.

"सह्यांचा दिवस बदलला होता, ते त्या तोतयाला माहीत होतं. त्या जमिनीवर जाण्यायेण्याच्या वाटेचा वाद मिटला तेही. जनेल गावभर सांगतेय, की ही माहिती आमच्याच ऑफिसातून फुटली. लोरेनच कटात सामील होती म्हणे, आणि ऐनवेळी घाबरून तिने स्वतःच तो उघडा पाडला. लोरेनने राजीनामा पुढे केलाय. मी घेतला नाही, पण लोक आमच्या टेबलाशी बसायला कचरायला लागलेत."

लोरेन ऑफिसात ताठ बसून होती. मेव्हिसने तिला फोनवरचं बोलणं आठवेल तसं सांगायला लावलं.

"मी विकणाऱ्यांशी जमिनीबद्दल बोलतेच," लोरेन म्हणाली. "आयुष्य घालवलेली जागा सोडतात बिचारे. मी विचारलं, सौनाची आठवण येते का? तर म्हणाली, येते तर. माझ्या वडिलांनी बांधलेली. लहानपणी तळ्यात डुंबून तिथवर चढ चढताना गुडघे भरून यायचे."

सौना म्हणजे ओंडक्यांची वाफेची न्हाणी; तिथल्या फिनिश घरांचा जीव की प्राण. मेव्हिसने ते वाक्य पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

तिथून ती दोघं तळ्यावर गेली. शेजारी रूडी माकी जमिनीची राखण करी. रस्त्यावरून नुसती फरची दाट झाडी दिसत होती. ती ओलांडून चढावर गेल्यावर काळवंडलेली, शंभर वर्षांची वाटावी अशी सौना उभी होती.

"मीच उभारली," रूडी म्हणाला. "मूळची खाली पाण्याला लागून होती. पाचेक वर्षांपूर्वी वादळात कोसळली. ओंडके मजबूत होते, ते वर आणून पुन्हा रचले. आयलीबाईंना अजून सांगितलेलं नाही. येतील तेव्हा बघतील."

परतताना व्हर्नने निकाल देऊन टाकला. सौना चढावर आहे हे रूडीलाच माहीत, म्हणजे फोनवर तोच. कुजबुजीला बाईचा आवाज लागतो कुठे?

"पुढे बघून गाडी चालव," मेव्हिस म्हणाली.

संध्याकाळी तिने आयलीच्या भाच्याला, डेलला, टेक्ससला फोन केला. आजोबांच्या जमिनीवर त्याचाही डोळा होता, असं गावात बोललं जाई. तो लहानपणानंतर तिकडे फिरकला नव्हता. सौना म्हटल्यावर मात्र खुलला. दारातून उडी मारली की थेट पाण्यात, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जनेल भेटली. ती शिकागोहून येऊन दोन वर्षं झाली होती. जमिनीवर आपण पाऊलही ठेवलेलं नाही, एवढ्या बर्फात कोण जाणार, नकाशा आणि रस्ता बघून जाहिरात दिली, असं तिने सांगितलं. मालकिणीशी सगळं बोलणं ईमेलवर झालेलं. "बाकीच्या कंपन्या बसल्या जागी व्यवहार उरकतात," ती म्हणाली. "इथे अजून चर्चमध्ये चौकशा चालतात."

शुक्रवारी मेव्हिसने सगळ्यांना ऑस्ट्रँडरच्या टेबलाशी बसवलं. शेरीफचा एक माणूसही कोपऱ्यात कॉफी घेत बसला होता.

"आधी कुजबुज," मेव्हिस म्हणाली. "आवाज लपवतो कोण? ज्याचा आवाज लोरेनच्या ओळखीचा आहे तो, नाहीतर बाई बनलेला पुरुष. म्हणजे डेललाही कुजबुजावं लागलं असतं. पण त्याची सौना पाण्याला लागून. त्याने चढ कुठून आणला असता?"

"मग रूडीच की," व्हर्न म्हणाला.

"रूडीला सौना दोन्ही जागी माहीत आहे. आयलीच्या लहानपणी ती खाली होती, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तो आयली बनला असता, तर चढाचं नावसुद्धा काढलं नसतं. ही चूक एकच माणूस करू शकतो. ज्याने फक्त वरची सौना पाहिली, जुने ओंडके पाहिले आणि ती पहिल्यापासून तिथेच आहे असं धरलं. म्हणजे वादळानंतर गावात आलेला माणूस. रस्त्यावरून ती दिसत नाही, म्हणजे जमिनीवर जाऊन आलेला. आणि जाऊन आल्याचं लपवणारा."

रूडी सावकाश जनेलकडे वळला.

"पण आतली माहिती?" जनेलने विचारलं.

"ती तर तुम्हाला आम्हीच दिली," लोरेन म्हणाली. मेव्हिसने तिला बोलू दिलं. "काही बदललं, की त्याच दिवशी एजंटला कळवायचं, हा आमचा नेम. दिवस बदलला तेव्हा मीच तुम्हाला फोन केला होता. वाट मोकळी झाली तेव्हाही."

जनेलने पर्स उचलली. तिच्याबरोबर शेरीफचा माणूसही उठला. ज्यावरून ती आयली बनून कुजबुजायची, तो दुसरा फोन तिच्या गाडीत सीटखाली सापडला.

गावात बातमी पसरायला जेवणाची वेळसुद्धा व्हावी लागली नाही. व्हर्नने ती तीन ठिकाणी सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी आपलं घर कुठल्या टेबलाशी घेतलं तेही सांगितलं. हॅरिएटने राजीनाम्याचा कागद लोरेनसमोरच फाडला. त्या दिवशी ऑफिसचं दार उशिरापर्यंत उघडं राहिलं.

जूनमध्ये आयली टोल्व्हानेन स्वतः विमानाने आली. रूडीच्या हातची सौना तिने पाहिली, आत बसून घामाघूम झाली, आणि बाहेर येऊन ठरवलं, की जमीन रूडीला द्यायची. टेबलाशी बसताना तिने लोरेनचे दोन्ही हात धरले. एव्हाना त्यांचे फोनवर तास न् तास गेले होते. आदल्या रात्री तर आयली लोरेनच्याच घरी जेवली होती.

सगळे कागद समजावून झाल्यावर लोरेनने पेन पुढे केलं आणि मध्येच थांबवलं.

"आयलीबाई, ओळखपत्र दाखवाल?"

हॅरिएटने हसू लपवायला मान वळवली. आयलीने क्षणभर रोखून पाहिलं, पर्स उघडली आणि ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"नीट बघ गं," ती म्हणाली. "घाई करू नकोस."