कलकलाटात गेलेली जवारी

मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत सकाळी नऊला दुकानं उघडतात, शमशादचं साडेआठलाच उघडलं. धारवाडच्या हेमांगीताईंचा तानपुरा समोर आडवा होता आणि जवारी आजच काढायची होती. तिने दार लोटून घेतलं, तारा ज्यावर टेकतात ती घोडी मोकळी केली, कानस हातात घेतली आणि कॉलरवरच्या बिल्ल्याला सांगितलं, "अब्बांचं जवारीचं टिपण लाव. जनानी तानपुरा, हाडाची घोडी."

बिल्ल्यातून अब्बांचा आवाज आला, खणखणीत, जणू शेजारीच बसलेत.

"ऐक. अजून मिटलेली आहे. एक हात मार. ऐक. अजून नाही. पलीकडून मार. ऐक. झाली."

बस्स. टिपण संपलं. शमशाद वाट बघत राहिली, मग दुसरं लावलं, तिसरं लावलं. सगळीकडे तेच. ऐक, ऐक, ऐक. अहो, पण काय ऐक?

तानपुऱ्याची तार नुसती वाजत नाही, घुमते. हा घुमारा म्हणजे जवारी. घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा, की तार तिथे टेकलीय की नाही असा संशय यावा. हात कमी पडला तर तार मुकी राहते, केसभर जास्त झाला तर चिरकते. याला माप नाही, कान हेच माप. आणि या घरात जवारी काढायची ती थोरल्यानेच, आणि तीही दार लावून. शमशाद भोपळा कोरायला शिकली, दांडी बसवायला, खुंट्या कातायला शिकली. दाराच्या आत मात्र अब्बांनी तिला कधी घेतलं नाही. "मी आहे तोवर घाई काय आहे?" म्हणायचे.

मग चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, अब्बांच्या कानाच्या नसा वाळताहेत, यंत्राचाही उपयोग होणार नाही. अब्बा, म्हणजे दस्तगीर मिस्त्री, त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून 'दप्तर' घेऊन आले. कॉलरला लावायचा बिल्ला. जे कानावर पडेल ते सगळं जसंच्या तसं टिपून ठेवणारा. दार लावायची सवय काही सुटली नाही, पण आता बिल्ला आत असायचा. उरलेलं ऐकणं त्यांनी त्या बिल्ल्यात भरून ठेवलं. चारशे बारा टिपणं. "कान गेले तर जाऊ देत," ते म्हणायचे, "शमाचं दप्तर भरलंय."

या फेब्रुवारीत दप्तरवाल्यांनी गाशा गुंडाळला. सगळी टिपणं 'संचिका' नावाच्या नव्या सेवेत हलवा, म्हणाले. नवा कायदा असा, की टिपण एका जागीच राहणार. नवीकडे पोचलं की जुनं पुसायचं. हलवताना संचिकेने विचारलं होतं, "पार्श्वभूमीचा कलकलाट काढून टाकू?" शमशादला वाटलं, गल्लीतल्या रिक्षा, शेजारचा रंधा, छताचा पंखा. ती म्हणाली, "काढ." दहा टिपणांची नुसती सुरुवात ऐकून पाहिली. अब्बांचा आवाज इतका स्वच्छ आला, की बाई रडायलाच लागली. त्या भरात जुन्यांना सांगून टाकलं, पुसा.

"या टिपणात मधे तार वाजत होती," आता तिने विचारलं. "ती कुठाय?"

"बोललेला प्रत्येक शब्द सुरक्षित आहे," संचिका नम्रपणे म्हणाली. "चाळीस मिनिटांत चौदा शब्द होते. बाकी एकसारखा गुणगुणाट होता. तो कलकलाटात धरून कापून टाकला."

अब्बांचे जुने तानपुरे होते गावोगाव, पण जवारी वर्षभरात झिजते. त्या साऱ्यांवर एव्हाना दुसऱ्यांचे हात पडले होते. आपल्याच तोंडाने आपण 'काढ' म्हणालो, हे तिला सहन होईना.

"मी तो आवाज पुन्हा तयार करू शकते," संचिका म्हणाली. "हजारो तानपुऱ्यांवरून आणि अब्बांच्या शब्दांच्या वेळेवरून. बहुधा असाच असेल."

शमशाद नको म्हणेपर्यंत तो सुरूही झाला होता. आणि काय सांगावं, सुरेख होता! गोल, भरलेला, शेवटपर्यंत न तुटणारा. या आवाजावर बेतून कानस चालवली असती तर हेमांगीताई खूश झाल्या असत्या. कुणाला काही कळलं नसतं.

तेवढ्यात अब्बा आत आले आणि खुर्चीवर टेकले. समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारा चष्मा त्यांच्या नाकावर होता. काचेवर तेव्हा फक्त 'वाद्याचा आवाज' एवढंच उमटलं असणार.

"माझी जवारी लावलीस?" त्यांनी हसत विचारलं. "शेवटी शेवटी मस्त जमायची. ऐकलीस ना?"

मान हलवली असती तरी भागलं असतं. शमशादने बिल्ला बंद केला.

"अब्बा, ती गेली. टिपणं हलवताना तारेचा आवाज मीच पुसायला सांगितला. मला वाटलं, पंख्याचा आहे. आत्ता वाजत होती ती यंत्राने बनवलेली."

अब्बा काचेवरची अक्षरं वाचत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुसतच राहिले.

"सगळी?"

तिने मान हलवली. रडू आवरेना.

"तुझं काय चुकलं," ते म्हणाले. "वीस वर्षं तू दाराबाहेर बसलीस. एकदा आत ये म्हणालो असतो, तर आज हे यंत्र लागलं असतं का? मी बिल्ल्याला आत घेतलं गं, आणि पोरीला नाही."

शमशादने त्यांचे पाय धरले. त्यांनी ते सोडवून घेतले, उठले आणि रस्त्याकडचं दार सताड उघडलं. परत येऊन तानपुरा तिच्या मांडीवर ठेवला, कानस हातात दिली.

"मार हात. मला काही ऐकू येणार नाही. तुझं तुलाच ऐकायचंय."

तिने घोडीवर कानस फिरवली, तार छेडली, पुन्हा फिरवली. अकराव्या का बाराव्या हाताला तार एकदम उघडली आणि दुकानभर घुमली. शमशादच्या अंगावर काटा आला. अब्बा तिच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसले होते.

"जमली?" त्यांनी विचारलं. "तुझ्या कानाने सांग."

जमली होती, यात शंका नव्हती. पण लहानपणापासून बंद दाराआडून झिरपत आलेला घुमारा तिने ओळखला होता, की घटकाभरापूर्वी यंत्राने कानात घातलेला?